उसवणकाकूंची सही

"अगदी असंच शिवून द्या हं काकू, हुबेहूब," असं म्हणत कुणी जुना कपडा टेबलावर टाकला, की उसवणकाकूंचं डोकंच सणकायचं. तीस वर्षं त्या कपडे दुरुस्त करत आल्या होत्या. दुसऱ्यांनी बिघडवलेलं उसवायचं आणि नीट करून द्यायचं, यातच जन्म गेला म्हणून हे नाव पडलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

"हुबेहूब काही होत नसतं," त्या कात्री आपटून म्हणायच्या. "तेच माप, तोच कागद, तीच मी. तरी कापड बदललं की पडतं वेगळं. आणि तुम्ही तरी चार वर्षांपूर्वीच्या राहिलायत का? आरशात बघा जरा!" गिऱ्हाईक हसायचं किंवा फुगायचं, पण कपडा परत न्यायचं नाही, कारण काकूंच्या हाताला तोड नव्हती.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. एका भिंतीला काकूंचं मशीन, समोरच्या खिडकीपाशी नवऱ्याचं टेबल. ते घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची. पाठीला पाठ लावून दोघांचा संसार झाला होता. चाळिशी लागल्यापासून काकूंना जवळचं दिसेना, तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की घड्याळजी डोळ्याला भिंग लावायचे, बारा सुया ओवायचे आणि उशीत टोचून काकूंपुढे सरकवायचे. तोंडानं एक शब्द नाही. काकूंनीही कधी आभार मानले नाहीत. नवराबायकोत आभार कसले?

गेल्या वर्षी घड्याळजींना तबकडी दिसायची पण काटे दिसेनासे झाले. माणसाचे कान दिसायचे, नाक गायब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागच्या पडद्याचा मधला भाग सुकत चाललाय. डावा गेल्यात जमा, उजवा फार तर वर्षभर. औषध नाही. घड्याळजींनी गिऱ्हाइकांची घड्याळं परत केली, भिंग डबीत ठेवलं आणि डबी खणात. पण रोज सकाळी येऊन टेबलाशी बसायचे ते बसायचेच. काकू आता सुया शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून ओवून आणायच्या आणि तो निम्म्या उलट्या टोचून द्यायचा.

आता या सगळ्यात काकू त्या नीतिसमितीवर गेल्या कशा, तेही ऐका. मोठ्या इस्पितळात माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर एक समिती परवानगी देते. तिच्यात एक साधा नागरिक लागतो. डॉक्टर नको, वकील नको, इस्पितळाचा नोकर नको. तो हजर नसला तर ठराव होत नाही. समितीचा सचिव दोन वर्षांपूर्वी विजार आखूड करायला आला होता. काकूंची जीभ ऐकून म्हणाला, "काकू, तुम्हीच या. काही काम नसतं हो, फक्त सही करायची."

"फक्त सही?" काकू कडाडल्या. "मी कापड उलटं करून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही, आणि सही करू न बघता?" झालं! रागाच्या भरात 'येते' म्हणून बसल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सचिव विजार घेऊन गेला आणि काकूंच्या गळ्यात महिन्याकाठी फायलींचा गठ्ठा आला.

नियमही त्यानंच शिकवला. दर बैठकीआधी एक कागद भरायचा: 'या विषयाशी माझा किंवा माझ्या कुटुंबाचा वैयक्तिक संबंध नाही.' संबंध असेल तर असेल ते सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. काकू कागद भरायच्या आणि फाईल वाचायला घ्यायच्या, कपड्यासारखी, आतून. आधी शिवणी, खिसे, अस्तर. वरचा झगमगाट शेवटी.

यंदा जी फाईल आली तिनं मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. डोळ्यांच्याच संशोधक डॉक्टरीणबाईंनी ती मांडली होती. आंधळा होत चाललेल्या माणसाच्या कातडीतली एक पेशी घ्यायची. एका बाईचं बीज घ्यायचं, त्यातला गाभा काढून टाकायचा आणि या माणसाच्या पेशीचा गाभा तिथे बसवायचा. काचेच्या बशीत ते पाच-सहा दिवस वाढवायचं, त्यातून पडद्याच्या पेशी करायच्या आणि त्याच माणसाच्या डोळ्यात लावायच्या. शरीराला त्या आपल्याच वाटतात, म्हणून ते फेकून देत नाही. काकूंना लगेच कळलं. अस्तर बदलायचं, पण त्याच ताग्यातल्या कापडाचं.

समितीवर तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक होते. त्यांना मात्र अस्तर दिसेचना, दिसला तो फक्त माणसाचा क्लोन. "आज डोळा, उद्या आख्खा माणूस! उद्या कुणी मेलेल्या मुलाची प्रत मागेल, मग काय करणार आपण?" अध्यक्ष होते निवृत्त न्यायाधीश. त्यांना एकसारख्या सैनिकांची फौज दिसू लागली. डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होत्या की गर्भाशयात काही ठेवायचंच नाहीये, मूल जन्मणारच नाहीये. पण ऐकतो कोण? चहा आला, बिस्किटं आली, पुन्हा चहा आला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. अशा दोन बैठका गेल्या आणि काकू नुसत्या घड्याळाकडे बघत बसल्या. दुकानात सहा कोट पडले होते.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "सामान्य नागरिकाचं काय म्हणणं आहे?"

"सामान्य नागरिकाचं म्हणणं, विषयावर या," काकू म्हणाल्या. "आमच्या गल्लीत जुळे भाऊ आहेत. चेहरा एक, आवाज एक. एक हजामत करतो, एक वसुली करतो, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मेलेलं मूल कुणाला परत मिळायचं नाही. मिळेल ते नवंच पोर, आणि त्या बिचाऱ्याला जन्मभर मेलेल्याचे कपडे घालून फिरवतील. ते करूच नये, असं ठळक लिहा. पण इथे पोर होतच नाहीये ना?"

"पण तो सहा दिवसांचा गोळा? तो माणूस नाही कशावरून?" प्राध्यापक म्हणाले.

हा प्रश्न पोकळ नव्हता, हे काकूंना कळत होतं. "माझं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी मी रडले, अजून रडते. सहा दिवसांचं काही गेलं असेल तर मला कळलंही नाही. मला नाही सांगता येत ते काय असतं. पण ज्यानं तोंडासमोरचं माणूस परत दिसेल, त्यासाठी ते वापरावं असं मला वाटतं. आणि वापरताना हसतखिदळत वापरू नये, एवढं लिहा."

प्राध्यापकांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत मत घ्यायचं ठरलं.

मधल्या महिन्यात सगळा घोटाळा झाला. घड्याळजींच्या डॉक्टरांनीच त्यांचं नाव त्या संशोधनाच्या संभाव्य रुग्णांत पाठवलं. परवानगी मिळाली तर पहिल्या तुकडीत बारा जण घेणार होते. लेक पोस्टात नोकरीला होती. ती संध्याकाळी घरी आली ती उड्या मारतच. जेवायला बसल्यावर तिनं बॉम्ब टाकला. "आई, बाबांचा नंबर पक्का! मी माझं बीज द्यायचा अर्ज भरलाय. रुग्णाच्या घरातल्या बाईनं बीज दिलं की त्या रुग्णाला आधी घेतात. अर्जासोबत दिलेल्या सहाव्या परिशिष्टात लिहिलंय."

काकूंचा घास हातातच राहिला. सहावं परिशिष्ट? ते त्यांनी वाचलंच नव्हतं! शेवटची परिशिष्टं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती. पूर्वी त्या घड्याळजींचं भिंग डोळ्याला लावून असली अक्षरं वाचायच्या. भिंग खणात गेल्यापासून तो खण उघडायचा त्यांना धीर होत नव्हता, म्हणून 'असेल काहीतरी छापील' म्हणत त्यांनी पान उलटलं होतं. आणि जन्मभर लोकांना सांगत आल्या, कपडा आतून बघा!

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजी जरा पडायला वर गेले, तेव्हा काकूंनी खण उघडला. भिंग डोळ्याला लावलं आणि वाचलं. लेक म्हणाली तसंच होतं. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन सुईनं बीजं काढायची, क्वचित त्रास होऊन इस्पितळात राहावं लागतं. आणि पाचवं कलम: ज्या रुग्णाची नातलग स्त्री बीज देईल त्यास प्राधान्य.

काकूंना आपली लेक दिसलीच नाही. त्यांना दिसल्या गल्लीतल्या सुना. सासऱ्याचे डोळे चाललेत आणि घरात तरुण सून आहे. तिला कुणी विचारणारसुद्धा नाही. नुसते बघतील तिच्याकडे, जेवताना, भांडी घासताना, महिनाभर. 'स्वेच्छेने' असं छापलं होतं तिथे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार आणि वर सही तिचीच. आणि हे शहाणे दोन बैठका फौजा मोजत बसले होते! काकूंना इतका संताप आला की भिंग डोळ्यावरून घसरून मांडीवर पडलं. संताप त्यांचा स्वतःवरही होता.

संध्याकाळी त्यांनी घरात सांगितलं, "नुसता आजार होता तोवर ठीक होतं. आता यांचं नाव आलंय, म्हणजे मला संबंध आहे असं लिहून द्यावं लागेल. मी बाहेर जाणार. मी नसले तर ठराव होत नाही."

"मग लिहू नकोस," लेक म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"आई, हरिश्चंद्राचा अवतार पुरे! तीन महिने बैठक पुढे गेली तर बाबांचा उजवा डोळा थांबणार आहे का? आणि बीज माझं आहे. मी माझ्या मनानं देतेय. कुणी बळजबरी केलेली नाही."

"तुझ्यावर नाही केली गं," काकू म्हणाल्या, पण पुढे बोलायची सोय नव्हती. समितीतलं बाहेर बोलायचं नाही, हाही नियमच. नियमांनी नुसता जीव खाल्ला होता.

घड्याळजींनी आयुष्यात बायकोकडे काही मागितलं नव्हतं, साधा जास्तीचा चहासुद्धा नाही. ते म्हणाले, "अगं, एवढी वर्षं तुझ्या सुया ओवल्या. मला एकदा सही दे."

काकू उठून भांडी घासायला गेल्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. हो म्हणावं, असंच त्यांना वाटत होतं. नवऱ्याचे डोळे कुणाला नको असतात?

बैठकीच्या दिवशी सचिवानं कागद पुढे केला. काकूंनी पेन उचललं. 'संबंध नाही' यावर खूण करायला एक क्षण लागला असता. त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि पुढे लिहिलं: 'संभाव्य रुग्ण माझे पती आहेत.'

सचिवाच्या तोंडचं पाणीच पळालं. "काकू, हे काय? राखीव सदस्य मुलाकडे परदेशी गेलेत. तुम्ही उठलात तर सगळं ठप्प! आम्ही हे वाचलंच नाही असं समजू."

"तुम्ही समजाल हो. तुम्ही तर सहावं परिशिष्टही वाचलेलं नाहीत."

अध्यक्ष म्हणाले, नियमाप्रमाणे जाण्याआधी वस्तुस्थिती सांगता येते. मग काकूंनी सांगितली. उभ्यानंच.

"आता मी बोलते ते माझ्याच पायावर धोंडा आहे, म्हणून तरी ऐका. माझ्या लेकीनं बीज द्यायचा अर्ज भरलाय. पाचवं कलम राहिलं तर माझ्या नवऱ्याचा नंबर पक्का आहे. तरी ते काढा. हे कलम ठेवलंत तर डोळ्यांच्या प्रत्येक रुग्णाच्या घरात एका सुनेला नाही म्हणता यायचं नाही. बीज देणारी बाई रुग्णाच्या नात्यातली असली तरी त्यामुळे त्याचा नंबर पुढे जाता कामा नये. आणि तिला एकटीला खोलीत बसवून विचारा. नवरा बाहेर, सासू बाहेर, आईसुद्धा बाहेर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "पण मग बीजं मिळायची कशी? उगाच कोण सुया टोचून घेईल? तुम्ही आम्हाला उशीर करताय, काकू. उशीर म्हणजे माझ्या रुग्णांचे डोळे."

"माझ्याही घरात आहेत ते डोळे," काकू म्हणाल्या. "मिळणार नसतील तर तसं लिहा. पण देणार ती आणि ठरवणार दुसरेच, असं नको."

प्राध्यापक पुटपुटले, "हे आमच्या लक्षातच आलं नाही."

"कसं येणार? तुम्हाला कधी कुणी सून म्हणून नांदवलंय?" असं म्हणून काकू पिशवी उचलून बाहेर पडल्या. हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आणि आता घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं.

बैठक तीन महिने पुढे गेली. मग नवा नागरिक सदस्य आला, संशोधनाला परवानगी मिळाली, पाचवं कलम गळालं. बारा जणांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली. घड्याळजींचा नंबर सतरावा. लेकीचा अर्ज सुधारलेल्या कागदांसह परत आला आणि कलम कुणी काढायला लावलं ते तिला समजलं. ती आईशी बोलेनाशी झाली. डबा उचलायची आणि पोस्टात जायची. घड्याळजी बोलायचे, पण कामापुरतं. 'चहा झाला?' 'दार लाव.' 'कोण आलंय?' हा शेवटचा प्रश्न ते आता दाराकडे तोंड करून विचारायचे, दारात माणूस उभा असताना.

अशाच एका सकाळी दुकानात एक तरुण बाई आली. हातात कोट. "काखेत सैल करून द्याल? मी जाड झाले, कोट नाही झाला."

"कोट कसा होईल? त्याला काय खायला घालता?" काकू मापपट्टी घेत म्हणाल्या. बाई हसली आणि बोलायलाच लागली. तिला कुणीतरी ऐकणारं हवं होतं.

"सासऱ्यांच्या डोळ्यांचं चाललंय हो आमच्याकडे. मोठ्या इस्पितळात पेशी लावतात म्हणे. आधी कागदात होतं, घरच्या बाईनं बीज दिलं की नंबर आधी. सगळे टेबलाभोवती बसले. कुणी ओरडलं नाही, काही नाही. नुसते माझ्याकडे बघत बसले. सासरे बिचारे काही बोलले नाहीत, त्यांना माझा चेहरा दिसतच नव्हता. मी हो म्हटलं."

"हात वर करा," काकू म्हणाल्या.

"मला पूर्वी एकदा असल्याच इंजेक्शनांचा त्रास झालाय. मूल होत नव्हतं तेव्हा. पोटात पाणी झालं, पंधरा दिवस इस्पितळात होते. पुन्हा घेऊ नका म्हणून सांगितलंय. पण ते कशी सांगणार? बहाणा वाटला असता. सही करून टाकली. मग अचानक कागद बदलून आला. इस्पितळातल्या बाईंनी मला एकटीला खोलीत बसवून विचारलं, खरंच द्यायचंय का? मी अशी रडले म्हणून सांगू! त्यांनी घरी एवढंच कळवलं की तपासणीत जमत नाही म्हणून. सुटले. कुणीतरी मोठा वकील असणार हो त्या समितीवर. देव त्याचं भलं करो."

काकूंनी टाचणी दातात धरली होती, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी काखेत खूण केली, तारीख सांगितली. बाई गेली.

घड्याळजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फारच तिखट झाले होते. काकूंनी मशीन सुरू केलं, दोरा तुटला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटला.

"तिच्याकडून पैसे घेऊ नकोस," घड्याळजी म्हणाले.

"का? धर्मशाळा उघडलीय का मी?" काकू म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

घड्याळजींनी चाचपडत खण उघडला आणि डबी काढली. "सुयांची उशी दे इकडे."

"अहो, कशाला उगाच..."

"दे म्हटलं ना."

त्यांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं. समोरचं दिसत नव्हतंच, म्हणून मान तिरकी केली, मग आणखी तिरकी, आणि कडेच्या नजरेनं सुईचं नाक शोधू लागले. दोरा एकदा उजवीकडून गेला, एकदा डावीकडून. एकदा बोटात टोचलं. काकूंना हातावर हात ठेवून बसायची सवय नव्हती, दोनदा त्या उठल्या आणि दोनदा बसल्या. झेरॉक्सवाला डोकावला, त्याला त्यांनी हातानंच हाकललं. अखेर दोरा आरपार गेला. घड्याळजींनी त्याला गाठ मारली, सुई उशीत टोचली, सुलट, आणि उशी काकूंपुढे सरकवली.

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "एका सुईला एवढा वेळ!" त्या खेकसल्या. "आणि बाकीच्या अकरा कधी व्हायच्या? उद्या लवकर येऊन बसा."